परमुलुखाचा कौल

महाराष्ट्राच्या जुन्या दप्तरांत तहनामे, सरंजामांच्या याद्या आणि स्वाऱ्यांचे हिशेब यांच्या जोडीला एक कागद वारंवार आढळतो, आणि लढायांच्या वर्णनात रमलेल्या आपल्या इतिहासलेखनाने त्याला त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच थोडी जागा दिलेली आहे. तो कागद म्हणजे गाव टाकून परमुलुखात गेलेल्या रयतेस परत बोलाविण्यासाठी, अथवा दुसऱ्याच्या अमलातील कुणबी, कोष्टी, साळी, वाणी, उदमी यांना आपल्या अमलात आणून वसविण्यासाठी सरकारने दिलेला कौल. अमुक वर्षे सारा माफ किंवा हलका राहील, घर बांधावयास जागा मिळेल, वेठ घेतली जाणार नाही, मोहतर्फा, म्हणजे कारागीर व दुकानदार यांच्यावरील कर, आणि जकात यांत सूट मिळेल, मागील बाकीचा तगादा होणार नाही, अशी अभयवचने त्यांत असतात. आणि ही वचने देणारे कधी छत्रपती असतात, कधी पेशवे, कधी एखादा साधा कमाविसदार. सतराव्या व अठराव्या शतकांत या देशातील साऱ्याचा दर केवळ दरबारात ठरत नव्हता. रयत उठून जाईल या भयानेही तो ठरत होता, आणि राजसत्तेस आळा घालण्याचे दुसरे कोणतेही साधन ज्यांच्या हाती नव्हते अशा लोकांनी हे एकच साधन किती विचाराने आणि किती सोसून वापरले, हे या कौलांवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही कागदावरून होत नाही.

हे साधन चालले याचे मूळ कारण असे की, त्या काळी जमीन उदंड होती आणि तिला लावावयास हात थोडे होते. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकपरंपरेत शतकानुशतके राहिली. १६३० ते १६३२ या वर्षांच्या दुष्काळाने दख्खन आणि गुजराथ या दोन्ही प्रांतांतील गावेच्या गावे ओस पाडली. त्यानंतर मोगल, आदिलशाही आणि मराठे यांच्या फौजांच्या येण्याजाण्याने उरलेली वस्ती कधीच एका जागी स्वस्थ बसू शकली नाही. ओसाड जमिनीचा धनी असणे म्हणजे कशाचाच धनी नसणे, ही गोष्ट त्या काळच्या प्रत्येक जहागिरदाराला पुरती कळत होती. त्यातच मुलुखाची रचना अशी चमत्कारिक होती, की एका परगण्यात चार सरंजामदारांची गावे एकमेकांत मिसळलेली, काही गावे दुअंमली, म्हणजे उत्पन्नाची एक वाटणी मराठ्यांची आणि दुसरी निजामाची. आणि भीमा व सीना या नद्यांच्या पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलुख. भीमथडीच्या माणसास परमुलुखात जाण्यासाठी दूरदेशीचा प्रवास करावा लागत नव्हता. दोन बैल, चार भांडी आणि बायकामुले घेऊन एका रात्रीत तो दुसऱ्या अमलात पोचू शकत होता, आणि तेथे त्याच्याच सोयऱ्याधायऱ्यांचे घर बहुधा असे.

गाव सोडण्याची कारणे कागदोपत्री निरनिराळी दिसतात, तरी त्यांचा गाभा एकच आहे. ऐन सारा कितीही जड असला तरी तो ठाऊक असलेला बोजा होता. रयत मोडत असे ती त्याच्यावर बसणाऱ्या पट्ट्यांनी, फौजेच्या घासदाण्याने, किल्ल्याच्या वेठीने, आणि कमाविसदार बदलला की नव्याने सुरू होणाऱ्या मागणीने. मिरासदार आणि उपरी यांच्या परिस्थितीतील अंतर येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या पांढरीत त्याचे घर, देवळात व सणावारी त्याचा मान. म्हणून तो शेवटपर्यंत टिकून राहण्याचा यत्न करी, आणि या टिकून राहण्याचे मोल सरकार त्याच्याकडून मिरासपट्टीच्या रूपाने दर तीन वर्षांनी वसूल करी. उपरी हा मूळचाच बाहेरून आलेला. त्याच्या कुळाचे नाव गावच्या थळझाड्यात, म्हणजे वंशपरंपरेच्या जमिनींच्या यादीत, नाही, त्याला कोणताही मान नाही, आणि म्हणून त्याला अडवून ठेवणारी दोरीही नाही. उपरी गेला तर तो कायमचाच गेला. मिरासदार गेला तर त्याचे थळ गतकुळी म्हणून नोंदले जाई, दुसऱ्या कोणास लावणीस दिले जाई, पण कित्येक वर्षांनी, कधी पिढी उलटल्यावरही, तो अथवा त्याचा मुलगा परत आला आणि त्याने आपले थळ मागितले तर गाव त्याचा हक्क मानी. १८१८ नंतर एलफिन्स्टन व चॅप्लिन या इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या जमीनधाऱ्याची चौकशी केली, तेव्हा या गोष्टीचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले. मला यात त्या काळच्या ग्रामव्यवस्थेची एक थोर समजूत दिसते: संकटात निघून जाणे हा अपराध नव्हे आणि त्याने माणसाचे मूळ तुटत नाही, हे तिने मान्य केलेले होते.

पुष्कळदा एकटे कुटुंब जात नसे. पाटलासह सारा गाव उठे. शेजारच्या परगण्याच्या हद्दीत जाऊन गुरांसह तळ द्यावयाचा आणि तेथून कमाविसदाराशी बोलणे लावावयाचे, असा हा प्रकार होता, आणि त्याचे स्वरूप पळून जाण्यापेक्षा वाटाघाटीचेच अधिक होते. मृग जवळ येऊ लागला की सरकारची अडचण वाढे, कारण पेरणी चुकली तर पुढल्या साऱ्या वर्षाची उगवणी बुडाली. मग कमाविसदार देशमुख-देशपांड्यांना मध्ये घाली, त्यांच्यामार्फत कौल पाठवी, पाटलास शेलापागोटे देऊन त्याचा सन्मान करी, आणि नव्या शर्तींवर गाव परत येई. या शर्तींत सर्वांत महत्त्वाचा प्रकार इस्ताव्याचा. पडीत जमीन लावणीस आणणाऱ्याने पहिल्या वर्षी नाममात्र द्यावे, दुसऱ्या वर्षी त्याहून काही अधिक, असे चढत चढत पाच, सात अथवा त्याहून अधिक वर्षांनी पुऱ्या धाऱ्यास पोचावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्या जोडीला बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला पहिल्याच दिवशी पुरा सारा मागणे म्हणजे त्याला पुन्हा हाकून देणे होय, हे इस्ताव्याच्या मुळाशी असलेले ज्ञान मलिक अंबराच्या पिढीपासून दख्खनच्या कारभाऱ्यांना अवगत होते.

या ज्ञानाचे राज्यनीतीत रूपांतर झाले ते शिवाजी महाराजांच्या काळी. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलेल्या पुण्यात दादोजी कोंडदेवाने वस्ती कशी आणली, मावळच्या ओसाड खोऱ्यांत इस्ताव्याने लावणी कशी करविली, याच्या कथा प्रसिद्ध आहेत आणि त्यांतील सोन्याच्या नांगराचा भाग परंपरेचा म्हणून सोडून दिला तरी मूळ गोष्ट खरी आहे. सभासदाने आपल्या बखरीत लिहिलेली व्यवस्था अशी की नवी रयत येईल तिला गुरे द्यावी, बीजासाठी दाणा व पैका द्यावा, खावयास धान्य द्यावे, आणि हा ऐवज एकदम न मागता तिच्या शक्तीप्रमाणे दोन-चार वर्षांत उगवून घ्यावा. हे केवळ बखरकाराचे गुणवर्णन नव्हे, याची साक्ष महाराजांचे ५ सप्टेंबर १६७६ चे प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र देते. सुभेदाराने गावोगाव स्वतः फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल व दाणा नाही म्हणून जो अडून बसला आहे त्याला बैल व दाणा द्यावा, त्यावर वाढीदिढी न घेता मुद्दल तेवढे हळूहळू घ्यावे, आणि जी बाकी रयतेकडून येणे शक्यच नाही ती माफ करण्यासाठी हुजूर समजवावे, हा त्या पत्राचा आशय आहे. ज्या राजास आपल्या सुभ्यातील एकेका कुणब्याच्या गोठ्यात बैल आहे की नाही याची चिंता वाटत होती, त्याच्या मुलुखात शेजारच्या अमलांतून माणसे येऊन राहिली यात नवल नाही.

हाच विचार उलट बाजूने त्यांच्या मिठासंबंधीच्या पत्रात दिसतो. १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेल्या या पत्रात, पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडते म्हणून घाटमाथ्याचे व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील बंदरांचा व्यापार बुडेल, तरी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल असे करावे, अशी आज्ञा आहे. माणूस आणि माल हे दोन्ही हलक्या कराच्या दिशेने वाहतात, हे राज्यकर्त्यास येथे पुरते उमगलेले आहे. आणि शेतकऱ्यास ओढून घेण्यासाठी सारा कमी करावा लागतो, तर व्यापाऱ्यास आपल्याकडे ठेवण्यासाठी प्रसंगी परक्याच्या मालावरील जकात वाढवावी लागते, हा भेदही.

शेतकऱ्याच्या कौलापेक्षा नगरवासीयाचा कौल अधिक टिकाऊ परिणामांचा ठरला, कारण त्याच्यापासून आपल्या पेठा जन्मास आल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे १७१५ च्या सुमारास लिहिले गेले, साहुकारांना राज्याची शोभा म्हटलेले आहे. त्यांच्या योगाने राज्य आबाद होते, न मिळणाऱ्या वस्तू मिळतात, अडचणीच्या वेळी कर्ज उभे राहते, म्हणून त्यांचा बहुमान करावा, ठायी ठायी पेठा वसवाव्या आणि परस्थळीचे साहुकारही आणून राखावे, असे ते सांगते. हा उपदेश करण्यापूर्वीही ही रीत चालू होती आणि नंतर ती झपाट्याने वाढली. पेठ वसविण्याची पद्धत सामान्यतः अशी की एखाद्या मुत्सद्द्यास अथवा सावकारास सरकारातून जागा आणि सनद मिळावयाची, त्याने चौकोनी आखणी करून रस्ते पाडावयाचे, येणाऱ्या उदम्यास दुकानाची व घराची जागा द्यावयाची, आणि काही वर्षेपर्यंत घरपट्टी, मोहतर्फा व दुकानावरील इतर बाबी माफ राहावयाच्या. पेठेची व्यवस्था, भांडणतंटे आणि वजनमापे यांवर देखरेख करणाऱ्या शेटे व महाजन यांना वतनी हक्क लावून दिले जात. मालाच्या जकातीतही, म्हणजे भरावयाच्या ठिकाणची थळभरीत आणि उतरावयाच्या ठिकाणची थळमोड यांत, काही सूट मिळे.

पुणे हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. एकट्या कसब्याभोवती सोमवार, मंगळवार, रविवार, शनिवार, बुधवार अशा पेठा काही निजामशाहीत, काही मोगली अमलात वसल्या होत्या. पेशव्यांच्या काळी जिवाजीपंत खासगीवाल्यांनी १७३४ च्या सुमारास शुक्रवार पेठ वसविली, पुढे सदाशिव व नारायण या पेठा झाल्या, रास्त्यांनी आपल्या नावाची पेठ केली, नाना फडणिसांनी हनुमान पेठ वसविली जी पुढे नाना पेठ म्हणून ओळखली गेली. आज ज्यांना आपण अस्सल पुणेकर म्हणतो त्यांपैकी कितीतरी घराण्यांचे मूळ पुरुष कोकणातून, गुजराथेतून, मारवाडातून, कर्नाटकातून याच कौलांच्या आशेने आलेले आहेत. अहल्याबाईंनी महेश्वरास विणकर आणून त्या गावास जे वस्त्रवैभव दिले, येवल्यास राघोजी नाइकांनी रेशीमकाम करणारे कारागीर वसविल्याची जी परंपरा आहे, किंवा त्याआधी देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये नागपूर वसविताना बाहेरचे कसबी आणले, या सर्वांमागे एकच राजनीती आहे. तिचे वर्णन वारंवार करण्याचे प्रयोजन नाही.

एक दाखला मात्र विस्ताराने द्यावा असे वाटते, कारण तो आपल्या देशी राजांचा नाही. मुंबई बेट इंग्रजांच्या कंपनीकडे १६६८ मध्ये आले तेव्हा ते रोगट हवेचे, खाजणांनी तुटलेले आणि व्यापाराच्या दृष्टीने सुरतेपुढे काहीच नसलेले ठिकाण होते. १६६९ ते १६७७ या काळात तेथील गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जिअरने ते वसविण्याचा जो मार्ग पत्करला तो तंतोतंत दख्खनच्या कौलाचा मार्ग होता. पोर्तुगीजांच्या दीव बंदरातील नीमा पारख नावाच्या वाण्याशी १६७७ साली झालेला करार पाहावा: घर किंवा वखार बांधण्यासाठी त्याला विनाभाडे जागा, त्याच्या ज्ञातीच्या ब्राह्मणांना धर्माचरणाची पूर्ण मोकळीक, त्याच्या आवारात परधर्मीयाने राहू नये व जीवहत्या करू नये ही हमी, आणि पहाऱ्याच्या सक्तीच्या चाकरीतून मुक्तता. येथे सवलत पैशाची आहे, त्याहून मोठी सवलत मनःशांतीची आहे. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने जो जाच होता त्याचे प्रत्येक कलमात उत्तर दिलेले आहे. कंपनीच्या ताब्यात येताना सुमारे दहा हजार वस्तीचे म्हणून गणलेले हे बेट ऑन्जिअरच्या काळाच्या अखेरीस साठ हजारांचे झाल्याचे तत्कालीन अंदाज सांगतात. आकडे सैल असतील. परंतु मुंबईचे मुंबईपण, तिचे अनेक भाषांचे व अनेक धर्मांचे स्वरूप, या कौलांतून सुरू झाले याविषयी मला शंका नाही.

आतापर्यंत जे सांगितले त्यावरून हा काळ रयतेच्या सुखाचा होता असा कोणी ग्रह करून घेऊ नये. गावचा वसूल गावावर एकत्रित असे. म्हणून दहा घरे उठून गेली तर त्यांच्या वाट्याचा बोजा उरलेल्या घरांवर येऊन पडे, आणि जो दुबळा, म्हातारा, आजारी किंवा कर्जाने बांधलेला असल्यामुळे जाऊ शकला नाही त्याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे देणे द्यावे लागे. बैल असलेला जाऊ शके. ज्याचे बैल सावकाराकडे गेले होते तो कोठे जाणार? गावकीचे काम जन्माने गळ्यात पडलेल्या महारास तर परमुलुखातही तेच काम आणि तीच वेठ वाट पाहत असे. हलक्या साऱ्याचा कौल त्याच्यासाठी कधी लिहिला गेला नाही. कौल मोडलेही जात. इस्ताव्याची वर्षे पुरी होण्याआधीच नव्या मामलेदाराने पुरा धारा मागावा, फौजेचा खर्च निघाला की माफीच्या जमिनीवरही पट्टी बसवावी, असे प्रकार दप्तरांत नमूद आहेत, आणि अशा वेळी रयत पुन्हा उठे. ज्यांनी आपल्या आयुष्यात दोनतीन वेळा घराच्या भिंती नव्याने घातल्या असतील, त्यांचे हाल कोणत्याही कौलात लिहिलेले नाहीत.

पेशवाईच्या अखेरीस ही सारी व्यवस्था ढासळली. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याची रीत सर्रास पाडली, जो अधिक बोली करील त्याला परगणा, आणि मक्तेदारास पुढील वर्षी आपण असू की नाही याची खात्री नसल्यामुळे त्याला ना इस्ताव्याची गरज, ना रयतेच्या बैलांची चिंता. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, त्यांच्या वाटेतले मुलूख लुटले गेले, आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. भीमा आणि नीरा यांच्या दुआबातील इंदापूर परगणा यात जवळजवळ निर्मनुष्य झाला आणि पुढे कित्येक वर्षे कौल देऊन देऊन तेथे वस्ती आणावी लागली.

याच इंदापुरात, १८१८ नंतर, या इतिहासाचे एक निर्णायक प्रकरण घडले. इंग्रजांनी प्रथम पेशवाईच्या कागदांवरून भारी आकार कायम केले आणि धान्याचे भाव उतरत गेल्याने ते आणखी भारी झाले. त्यावर उपाय म्हणून प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली आणि रिकार्डोच्या खंडसिद्धांतास अनुसरून, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा सरकारचा, असा आकार बांधला. सिद्धांत विद्वत्तेचा होता. पण मोजणी चुकीची, कारकुनांनी लाच खाऊन केलेली वर्गवारी खोटी, आणि निव्वळ उत्पन्नाचा हिशेब ज्या आकड्यांवर उभा होता ते आकडेच बहुतांशी कल्पित. परिणाम व्हावयाचा तोच झाला. वसुलीसाठी रयतेचे शारीरिक छळ झाले आणि तरीही वसूल येईना. असंख्य कुटुंबे गावे टाकून शेजारच्या संस्थानांत आणि मोगलाईत निघून गेली. काही तालुक्यांत लागवडीस योग्य जमिनीपैकी तिसरा हिस्साच लावणीत उरला. हे मुंबई सरकारच्या स्वतःच्या अहवालांनी पुढे कबूल केलेले आहे. निजामाचा कारभार काही आदर्श नव्हता. तरी भीमेच्या पलीकडे धारा सोसवेल असा होता, म्हणून ज्यांच्या आजोबांनी पेशव्यांना कौल लिहावयास लावले त्यांचे नातू त्याच जुन्या वाटेने गेले, आणि त्यांच्या जाण्याने कंपनी सरकारास नमावे लागले.

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विन्गेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी पाहणी लागू केली. निव्वळ उत्पन्नाचा अमूर्त हिशेब त्यांनी टाकून दिला. जमिनीचा रंग, खोली आणि दोष पाहून तिच्या नऊ प्रती केल्या, प्रत्येकीची किंमत आण्यांत लावली, आकार पुष्कळ खाली आणला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. पडीत जमीन पुन्हा लावणीस आली, गेलेली कुळे परतली, आणि हीच पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची झाली. इंग्रज लेखकांनी हे श्रेय दोघा अधिकाऱ्यांच्या बुद्धीस दिले, ते वाजवीही आहे. परंतु तीस वर्षांच्या त्या हमीवर मोगलाईत निघून गेलेल्या अनामिक कुणब्यांचाही तितकाच हक्क आहे असे माझे मत आहे. त्या पद्धतीत एक कलम विशेष लक्षणीय होते: वर्षअखेरीस राजीनामा देऊन कोणताही नंबर सोडण्याची मोकळीक कुळास होती. जे पूर्वी रात्री बैल जुंपून करावे लागे ते आता मामलेदार कचेरीत एका कागदावर करता येऊ लागले. १८४४ च्या कायद्याने मोहतर्फा, बलुत्यांवरील बाबी आणि शहरांच्या जकातीही मुंबई इलाख्यात रद्द झाल्या, त्यामुळे कारागीर व दुकानदार यांना सवलतीच्या पेठा शोधण्याचे कारणही पुष्कळसे उरले नाही.

आणि तरीही, ज्या शतकात ही मोकळीक कायद्याने मिळाली त्याच शतकात तिचा उपयोग संपला. लोकवस्ती वाढली, पडीत माळ लावणीस आले, उत्तम जमीन देऊन माणसांची वाट पाहणारे शेजारी राज्य उरले नाही. आकार हलका व निश्चित झाल्यामुळे जमिनीस विक्रीची किंमत आली, किंमत आली म्हणून ती गहाण पडू लागली, आणि गहाण जमीन टाकून जाणारा कुणबी सरकारचा वसूल बुडवीत नव्हता, स्वतःची जमीन सावकारास बक्षीस देत होता. १८६७ साली इंदापुराची तीस वर्षे पुरी होऊन धाऱ्यात मोठी वाढ झाली, अमेरिकेतील यादवीच्या काळी चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, आणि रयत पूर्वीसारखी उठून गेली नाही. ती भीमथडीत सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या दारांशी जमली आणि तिने त्यांची खतपत्रे हिसकावून जाळली. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेकांनी लिहिली आहेत. परमुलुखाची वाट बंद झाली होती, हे त्यांतले एक कारण आहे.

शेतकऱ्यापुरती ती वाट बंद झाली, तरी कारखानदार व व्यापारी यांच्यासाठी ती आणखी पाऊणशे वर्षे उघडी राहिली. नकाशावर कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट अशी संस्थाने इंग्रजी मुलुखात विखुरलेली होतीच. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहुपुरीची व्यापारपेठ वसविली आणि पुढे रेल्वेच्या काठी जयसिंगपूर वसविले, ते जुन्या पेठांच्याच रीतीने, उदम्यांना जागा देऊन. इचलकरंजीचे नारायणराव घोरपडे यांनी विणकामास जो आश्रय दिला त्यामुळे १९०४ साली विठ्ठलराव दातारांचा पहिला यंत्रमाग तेथे चालू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, पण ती या परंपरेत बसवून कोणी पाहत नाही: बेळगावच्या नव्या वसाहतीच्या आखणीत त्यांची कारखान्याची जागा गेली, इंग्रजी अमलात दुसरी जागा मिळणे दुरापास्त झाले, आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ आणि कर्ज दिले. १९१० मध्ये त्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची घरे, शाळा आणि बाजार उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी झाली. जागा, भांडवल, घर आणि अभय या चारही गोष्टी असलेला हा विसाव्या शतकातील कौलच होता, आणि तो देणारा संस्थानिक पंतप्रतिनिधींच्या घराण्यातला असावा हे मला उचित वाटते.

याच सुमारास दुसरे एक आकर्षण प्रबळ झाले. इंग्रजी मुलुखात १८८६ पासून प्राप्तिकर कायमचा झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याचे दर चढत गेले. बहुतेक संस्थानांत हा कर नव्हता किंवा अतिशय सौम्य होता, आणि कारखान्यांविषयीचे कायदेही ढिले होते. त्यामुळे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांच्या हद्दीत गिरण्या उभारण्याकडे भांडवलदारांचा कल वाढला. या स्थलांतराविषयी माझ्या मनात पूर्वीच्या कुणब्याविषयी जो आदर आहे तो नाही. कुणबी जात होता तो उपासमार टाळण्यासाठी. येथे पुष्कळदा वाचविला जात होता तो नफा, आणि त्याची किंमत कमी मजुरी व अधिक तास यांच्या रूपाने गिरणीतला कामगार देत होता. किर्लोस्करवाडीत मालकाने कामगारासाठी घर बांधले, म्हणून ती गोष्ट वेगळी. केवळ कर चुकविण्यासाठी झालेल्या वसाहतीत तसे घर क्वचितच बांधले गेले.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे रोजी बडोदे. लगेच पुढल्या वर्षी प्राप्तिकराचा एकच कायदा उरलेल्या संस्थानी मुलुखासही लागू झाला. संस्थानी सवलतींवर चाललेल्या धंद्यांचे हिशेब त्यामुळे बदलले. इचलकरंजीचे माग मात्र इचलकरंजीतच चालू राहिले आणि वाढत गेले, कारण मागवाल्यांची घरे तोवर तेथे बांधून झाली होती आणि त्यांची मुले तेथेच काम शिकली होती.